इंदूबाईंनी ऐकलेला शब्द

१

रविवारी सकाळी पावणेदहाच्या सुमाराला हिरासिंग आडे स्वतःच्या परसात मरताना सापडला, आणि त्याच्या तोंडून निघालेला शेवटचा शब्द शेजारच्या इंदूबाई मुनेश्वरांनी ऐकला. पळसोन्यातल्या कुणालाही विचारलं असतं, तर तो म्हणाला असता की बरं झालं, दुसऱ्या कुणाच्या कानावर नाही पडला.

पळसोना धड गाव नाही आणि धड शहर नाही. फुलसावंगीकडून येणारी एसटी इथे दहा मिनिटं थांबते, नगरपंचायत आहे, ठाणं आहे, आणि एके काळी टेलिफोन एक्स्चेंज होतं. त्या एक्स्चेंजमध्ये इंदूबाईंनी एकतीस वर्षं काढली. ट्रंककॉलच्या खरखरीतून त्यांनी लोकांची लग्नं ऐकली, मयती ऐकल्या, आणि खोकल्यावरून माणूस ओळखायची सवय अंगात मुरवली. निवृत्त झाल्यावर एका चोराला आणि बायकांना छळणाऱ्या एका निनावी माणसाला त्यांनी नुसत्या आवाजावरून धरून दिलं होतं. तेव्हापासून गाव त्यांना मानायचं. कानांचा त्यांना अभिमान होता असं म्हणणं सौम्य झालं, चांगला ताठा होता.

त्या सकाळी त्या कपडे वाळत घालत होत्या. भिंतीपलीकडून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मांजर असेल म्हणून त्यांनी आणखी दोन कपडे पिळले. मग कण्हणं ऐकू आलं. दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक छोटं फाटक होतं, पंचवीस वर्षं कडी न लागलेलं. त्यातून त्या धावल्या.

हिरासिंग बसक्या पाटाशेजारी आडवा झाला होता. डोक्याची मागची बाजू फुटली होती आणि हातभर अंतरावर वरवंटा पडला होता. इंदूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बोटं बुळबुळीत झाली. त्यांनी त्याचा हात हातात धरला. तळवा कोरडा होता, खरखरीत.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "कोनं केलं हे?"

त्यानं डोळे उघडले. ओठ दोनदा हलले. "यादी," तो म्हणाला, आणि संपला.

ठाणेदारानं बाराच्या सुमाराला जबाब लिहून घेतला. ‘मी विचारले, कोणी केले. त्यावर तो म्हणाला, यादी.’ खाली इंदूबाईंची ठसठशीत सही. जबाब चालू असताना त्यांच्या घरातला जुना वायरचा फोन वाजून वाजून बंद पडला. एवढ्या गर्दीत त्या उठल्या नाहीत.

पळसोन्यात त्या आठवड्यात एकच यादी गाजत होती, आणि तिच्यातून एकाच माणसाचं नाव कापलं गेलं होतं.

२

यादी घरकुलाची होती. हिरासिंग वॉर्डाचा नगरसेवक, त्यामुळे नावं त्याच्या हातात. हातपंप दुरुस्त करणारा बळीराम सहा वर्षं टिनाखाली राहत होता. आदल्याच दिवशी, शनिवारी, नगरपंचायतीच्या पायऱ्यांवर चाळीस माणसांसमोर तो हिरासिंगला म्हणाला होता, "माहं नाव खोडलं ना, आता तुले मी पाहून घेतो."

माणसं रागात असं रोज म्हणतात. पण म्हणून झाल्यावर दुसऱ्या दिवशी समोरचा मरत नाही. सोमवारी बळीरामला उचललं. जीप नादुरुस्त होती म्हणून बाजारातून पायी नेलं. त्यानं ज्यांच्या दारचे पंप दुरुस्त केले होते, ती माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती.

मंगळवारी त्याची बायको हंसाबाई इंदूबाईंच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही, उंबऱ्याबाहेरच टेकली.

"ताई, तुमी जे आयकलं थे सांगतलं. तुमच्यावर राग नाही माह्या," ती म्हणाली. "पन त्या दिवशी थो शिवारात पंपावर होता."

"कोनी पाह्यलं?"

"पंप बिघडल्यावर तिथं कोन येते, ताई? एकलाच होता." तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "थो मारनारा मानूस नाही. शरमेनं मरनारा हाय. ठान्यात जेवन नेलं तं माह्याकडे पाह्यत नाही. भिताडाकडे तोंड करून बसते."

इंदूबाईंनी तिला चहा दिला. तो तिनं घेतला नाही. उठता उठता ती म्हणाली, "एक सांगा मले. आदल्या दिवशी एवढं भांडन झालं. मंग दुसऱ्या दिवशी हिरासिंगभाऊ त्याच्याकडे पाठ करून पाटावर बसून राह्यला असता का?"

ती गेली, आणि इंदूबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. डोकं मागून फुटलं होतं. परसात झटापटीची खूण नव्हती, उलटलेली बादलीसुद्धा नाही. इतकी साधी गोष्ट ठाणेदाराला दिसली नव्हती आणि त्यांनाही नाही, कारण सगळ्यांनी एका शब्दाचं बोट धरलं होतं. तो शब्द त्यांनीच दिला होता.

३

बुधवारी इंदूबाईंनी रविवारचं लुगडं पुन्हा धुवायला काढलं. रक्ताचा डाग निघून गेला होता. त्याच्याभोवतीचा पिवळट गोल मात्र तसाच होता. त्यांनी तो नाकाशी नेला. एरंडीचं तेल.

म्हणजे हिरासिंगच्या डोक्याला मरायच्या जरा आधी तेल लागलं होतं. त्यानं स्वतः लावलं असतं तर तळवे तेलकट असते. तळवे कोरडे होते. एरंडीचं तेल जाता जात नाही, आणि तो हात इंदूबाईंनी स्वतः धरला होता. कुणीतरी त्याच्या मागे बसून त्याचं डोकं चोळत होतं.

त्या फाटकातून पलीकडे गेल्या. हिरासिंगची म्हातारी आई, जमनाबाई, ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. शहात्तर वर्षांची बाई. या वयात पोटचा गेला, तिला काय विचारणार? तरी विचारलं.

"माय, रविवारी तुमी घरून कवा निंगाल्या?"

"आठ वाजता. सेवालाल महाराजाच्या देवळात होती मी. तिथंच मले सांगाले आले." जमनाबाईनं वर पाहिलं नाही. "सोनूचा फोन आलता का, इंदू?"

सोनू ही हिरासिंगची एकुलती एक पोर. आठ महिन्यांपूर्वी ती कोळसा खाणीतल्या एका मुलाबरोबर निघून गेली, आणि हिरासिंगनं भर चौकात सांगितलं की दिसेल तिथं दोघांना कापीन. तेव्हापासून दर रविवारी दुपारी बाराला ती इंदूबाईंच्या फोनवर आजीशी बोलायची, कधी कुठल्या दुकानातून तर कधी कुणाचा मोबाइल मागून. हे हिरासिंगला ठाऊक नव्हतं. आणि बाप गेला हे अजून सोनूला ठाऊक नव्हतं, कारण तिला उलट फोन कुठे करायचा ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आलता, माय. मी उचलला नाही. पोलीस होते," इंदूबाई म्हणाल्या.

तिथून त्या घराच्या पुढच्या गाळ्यात गेल्या. पियुष हिरासिंगचा भाडेकरू, मोबाइल रिचार्जचं दुकान चालवायचा. गाळा खाली कर, असं हिरासिंगनं त्याला महिनाभर आधी सांगितलं होतं.

"काकू, मी दुकानातच होतो," पियुष म्हणाला. "कोनी आलं नाही, कोनी गेलं नाही. आजी तेवढी देवळात गेली, साडेनऊ-पावणेदहाले."

"आठ वाजता गेल्या त्या."

"नाही हो. आठले तं माह्या शटर बंद असते. जातानी आजीनं मलेच समोरच्या दाराची कडी लावाले सांगतली. तिच्या हातून निसटून राह्यली होती."

इंदूबाई परतल्या. म्हातारपणी हातून कडी निसटतेच, त्या स्वतःला म्हणाल्या. पियुष खोटं बोलतोय, त्याला गाळा वाचवायचा आहे, हेही स्वतःला बजावलं. दोन दिवस त्यांनी पियुषवर नजर ठेवली. ज्या बाजूला बघायचं नव्हतं त्या बाजूला त्यांनी बघितलंच नाही. एवढी हुशार बाई, पण हुशारीलाही माया आडवी येते.

४

शुक्रवार हा पळसोन्याचा बाजाराचा दिवस. इंदूबाई कांद्याचा ढीग उपसत असताना मागे एक लेकरू रडायला लागलं. तांड्यावरून आलेल्या बंजारा बायकांच्या गर्दीत ते चुकलं होतं. तीन-चार वर्षांचं, नाकातून शेंबूड, आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा.

"याडी. याडी."

इंदूबाईंच्या हातातला कांदा खाली पडला.

याडी म्हणजे आई. गोरबोलीतला, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीतला, हा शब्द त्यांना एकतीस वर्षं ठाऊक होता. तांड्यावरची माणसं फोनवर याच शब्दानं सुरुवात करायची. मग तो त्यांना ओळखू का आला नाही? कारण हिरासिंग बंजारा असूनही त्यांच्याशी कधी गोरबोलीत बोललाच नव्हता. नोकरदारांच्या कॉलनीत घर बांधल्यापासून त्यानं ती भाषा घराबाहेर काढली होती. आई तांड्याची भाषा बोलली की चारचौघांत तिला टोकायचा, "मराठीत बोल ना व, आई." त्याच्या तोंडून मराठीच येणार, हे इंदूबाईंच्या कानांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मरताना त्याची जीभ आपल्या मूळच्या बोलीला गेली, आणि पळसोन्यातले सगळ्यात तयार कान तिथंच चुकले.

आधी त्यांना हायसं वाटलं. बळीराम सुटणार होता. यादीबिदी काही नव्हतीच, मरणारं माणूस आईला हाक मारत होतं. डोळे भरून आले. पिशवी तिथंच टाकून त्या निघाल्या. जमनाबाईला सांगायचं होतं की पोरानं शेवटी तुमचंच नाव घेतलं, आणि तुमच्या भाषेत घेतलं.

बाजाराच्या कमानीखाली त्यांचे पाय थांबले.

हाक मारणारा माणूस शब्द लांबवतो. ते लेकरू लांबवत होतं. हिरासिंगनं लांबवला नव्हता, खाली टाकला होता, नंबर विचारल्यावर माणसं नंबर सांगतात तसा. आणि त्यांनी त्याला विचारलंच होतं. जबाबात लिहिलं होतं, खाली सही होती. मी विचारले, कोणी केले. त्यावर तो म्हणाला.

५

जमनाबाई ओसरीवरच होती. इंदूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"माय, हिरासिंगभाऊ यादी म्हनला नव्हता. याडी म्हनला होता."

म्हातारीच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही उमटलं की इंदूबाईंना बघवेना. आनंदच होता तो.

"याडी म्हनला?"

"हो. पन थो तुमाले बोलवत नव्हता. मी इचारलं होतं, कोनं केलं. त्यानं जवाब देल्ला."

मग जमनाबाईनं मान हलवली.

"खोटं नाही बोलला पोरगा," ती म्हणाली. "पंचवीस साल झाले, मले आई म्हने. याडी म्हनाची लाज वाटे त्याले."

"काहून, माय? काहून केलं?"

"दर रविवारी तेल लावतो मी त्याच्या डोक्याले. थो पाटावर, मी मांगं. तेलात टाकाची मेथी वाटली होती, वरवंटा तिथंच होता. थो डोये मिटून सांगत होता. राजूरले गेलतो म्हने. घर पाहून आलो, खदानीच्या बाजूले, निळं दार हाय. उद्या जातो अन दोघाईचं काम करून येतो. म्या म्हनलं, लेकरू हाय रे तुहं. थो म्हने, मोतीही माही बायकोच होती."

मोतीबाई म्हणजे सोनूची आई. पाच वर्षांपूर्वी विहिरीत पडून गेली होती. पाय घसरला असं गावानं ऐकलं होतं.

"थे म्याच सांगतलं होतं पोलिसाइले," जमनाबाई म्हणाली. "पाय घसरला म्हनून. म्या पाह्यलं होतं, इंदू. त्यानं ढकलतानी म्या पाह्यलं होतं, अन सांगतलं पाय घसरला. पोटचा होता ना. एक डाव चूप राह्यली. दुसऱ्या डावाले सोनूच्या मयतीवर जाऊन अजून तेच सांगाचं होतं का?"

इंदूबाईंनी तिचे हात धरले. त्यांचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस या हातांनी भाकरी आणून भरवली होती. दुसरं कुणी आलं नव्हतं.

"बळीराम आत हाय, माय."

"माहीत हाय मले. ठान्यात मी जानारच होती. फक्त रविवार येऊ दे. बारा वाजता पोरीचा फोन येईन. बाप गेला हे तिले माह्या तोंडून कळू दे. आता भिऊ नको म्हनून मले सांगू दे. मी आत गेल्यावर तिले कोन सांगन? बळीरामले पाच दिस झाले, अजून दोन. मंग सोताच्या पायानं चालतो मी. तू संग ये."

काय करायला हवं ते इंदूबाईंना पक्कं ठाऊक होतं. ठाणं तिथून दहा मिनिटांवर होतं. कागदावरच्या ‘द’चा ‘ड’ करायचा, एवढंच काम. एका अक्षरानं एक माणूस बाहेर येणार होता आणि दुसरं आत जाणार होतं. हंसाबाईचं बोलणंही त्यांना आठवत होतं, भिंतीकडे तोंड करून बसतो ते. पण हंसाबाई समोर नव्हती. समोर ही बसली होती.

"बरं," त्या म्हणाल्या.

६

रविवारी अकरा वाजता पियुष धापा टाकत आला. जमनाबाई आत फोनजवळ बसली होती, नऊवारी नेसून, देवळात जायला निघाल्यासारखी. इंदूबाईंनी पियुषला फाटकापाशीच थांबवलं.

"काकू, बळीराम गेला. काल संध्याकायी कोठडीत गळफास घेतला. सकायी हंसाबाई डबा घेऊन गेली तवा सांगतलं तिले."

इंदूबाई फाटक धरून उभ्या राहिल्या. पियुष आणखी काय काय सांगत होता. त्यांना ऐकू येत होतं, कळत नव्हतं. त्यांना ओरडावंसं वाटलं, आणि आत म्हातारी आहे म्हणून त्या ओरडल्या नाहीत.

बाराला फोन वाजला. जमनाबाईनं दोन्ही हातांनी तो उचलला. इंदूबाई अंगणात जाऊन बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून कानांवर हात ठेवले. बऱ्याच वेळानं जमनाबाई बाहेर आली. रडून झालं होतं तिचं.

"चाल," ती म्हणाली. "बळीरामले सोडवू."

तेव्हा इंदूबाईंनी तिला सांगितलं. जमनाबाई पायरीवरच बसली. तरी उठली, आणि तेलाच्या डागाचं लुगडं घेऊन दोघी ठाण्यात गेल्या.

ठाणेदारानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दार लोटलं.

"आरोपी मेला, बाई. फाईल बंद होतेय. आता तुम्ही म्हणता, द नाही, ड होता. धुतलेलं लुगडं दाखवता. तो निर्दोष होता असं मी लिहिलं, तर तो माझ्या कोठडीत मेला कसा, हे कोण लिहील?"

"म्या मारलं त्याले," जमनाबाई म्हणाली.

"आजी, पोटचा पोरगा गेला की डोकं ठिकाणावर राहत नाही. घरी जा." त्यानं शिपायाला पाणी आणायला सांगितलं. ती बाहेर ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. म्या मारलं, म्या मारलं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, आणि लोक हळहळून पुढे जात होते. नातीला वाचवायला म्हातारीनं पोटचा गोळा मारला, आणि आता शिक्षा मागायला गेली तर तीही कुणी देईना.

इंदूबाई एकट्याच बळीरामच्या वस्तीकडे निघाल्या. शवविच्छेदनाला नेलेलं प्रेत अजून यवतमाळहून आलं नव्हतं. टिनाच्या खोलीबाहेर दोन-तीन बायका बसल्या होत्या, त्या आपणहून उठून बाजूला झाल्या. हंसाबाई दारात उभी राहिली.

इंदूबाईंनी काही राखून ठेवलं नाही. आपण काय ऐकलं, बाजारात काय कळलं, तेल, वरवंटा, जमनाबाई, सगळं सांगितलं. बळीरामवर कसलाच डाग नाही, हे मी गावभर सांगीन, असं म्हणाल्या.

"तुमाले हे कवा समजलं, ताई?" हंसाबाईनं विचारलं.

"शुक्रवारी. दुपारी."

"थो शनिवारी संध्याकायी गेला."

"हो."

"मंग शुक्रवारीच काहून नाही आल्या?"

इंदूबाईंनी खरं तेच सांगितलं. "जमनाबाईले नातीशी बोलाचं होतं. मी रविवारपर्यंत थांबतो म्हनलं."

हंसाबाईनं त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि दार लोटून घेतलं. इंदूबाई बाहेरच उभ्या राहिल्या. आत ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी म्हणेल, म्हणून त्या ऊन उतरेपर्यंत तिथंच होत्या. आतून कसलाही आवाज आला नाही.